लाल काठाची ममी

“काम झालं की धुऊन, पिळून, काठीवर वाळत घाल. त्यांना कळायच्या आत. वचन दे, दत्ता.”

मित्रांनो, सिंधूबाईंचा हा हलका आवाज अजून माझ्या सुतात आहे. मी त्यांच्या यजमानांचं, गोविंदरावांचं, सोवळ्याचं धोतर. आता मला धोतर म्हणायचीही सोय उरलेली नाही. चहाच्या रंगाच्या फाटक्या पट्ट्यांचं मी एक गाठोडं आहे.

मी विणला गेलो नागपूरकडच्या एका मागावर. अंग पांढरं, काठ लाल. गोविंदरावांची रेल्वेत झाशीला बदली झाली तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून इकडे आलो. सिंधूबाई रोज अंघोळ करून ओलेत्यानं मला धुवायच्या आणि काठीनं उंच वाळत टाकायच्या. मग दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत मला कुणी शिवायचं नाही. मला नेसून गोविंदराव देवाकडे निघाले, की वाटेतल्या पोराबाळांना एकच हाक असायची, “शिवू नको! लांब हो!” त्या हाकेत राग नसे. पूजा आटोपली की तेच हात मुलांच्या तळव्यावर खडीसाखर ठेवायचे.

पुढं बेतवा नदीकाठच्या पडक्या दगडी इमारतींत एक सिनेमावाली मंडळी आली. त्यांना तिथं इजिप्त करायचं होतं. गोविंदरावांचा मुलगा, पार्सल ऑफिसातला आमचा दत्तात्रेय, उंच, हडकुळा. त्याला ममीचं काम मिळालं. पण दवाखान्याच्या जाळीदार पट्ट्यांतून त्याचा बनियन दिसायला लागला.

“दत्ता भैया,” दिग्दर्शक श्यामसुंदर म्हणाला, “कल पुराना, मोटा, सफ़ेद कपड़ा ले आइए. नहीं तो ममी कोई और बनेगा.”

पोराचा चेहरा बघून आईनं काठीवरून मला उतरवलं, आणि ते वचन घेतलं.

“फाड़ना मत, जी. पूजा का है,” दत्तात्रेय म्हणाला खरा.

“अरे, तो हमारी ममी कौन-सी कम पूजनीय है!” श्यामसुंदर हसला आणि त्यानं मला टर्रकन फाडलं. मग चहाच्या पातेल्यात बुडवलं, जुना दिसावा म्हणून. मित्रांनो, ज्या कापडाला घरातली लेकरं शिवत नव्हती, त्याला त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यानं ओढलं. दत्तात्रेय बघत राहिला. त्याला काम हवं होतं.

ममीनं शाप द्यायचा होता. श्यामसुंदरनं बजावलं, “ऐसी भाषा में, जो यहाँ किसी के पल्ले न पड़े.” कॅमेरा सुरू झाला. घाबरलेल्या दत्तात्रेयाच्या तोंडी लहानपणापासून ऐकलेलं तेवढंच आलं. “शिवू नको! लांब हो!”

घरी गोविंदरावांनी विचारलं, “माझं धोतर कुठं आहे?”

“वाऱ्यानं उडालं,” सिंधूबाई म्हणाल्या. चातुर्मासात मिठालाही न शिवणारी ती बाई. जन्मात एवढंच खोटं बोलली असेल.

सिनेमा लागला. मुलाचं काम म्हणून गोविंदराव कौतुकानं सगळ्यांना घेऊन गेले. पडद्यावर ममी उठली. तिच्या छातीवरून आडवा लाल काठ गेलेला. तिनं हात पसरले आणि गोविंदरावांची हाक त्यांच्याच सुरात मारली. टॉकीज हसून लोटपोट. गोविंदरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं दारात ओरडू लागली, “शिवू नको! लांब हो!” त्यानंतर गोविंदराव मुकाट्यानं पूजेला जात. नवं धोतर ते शेवटपर्यंत स्वतः धूत राहिले. सिंधूबाईंना त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण सोवळ्याला हातही लावू दिला नाही. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

दत्तात्रेयाला मात्र ऑफिसात सगळे ‘ममी साहेब’ म्हणायचे. त्याला ते आवडायचं. सिनेमाचा दुसरा भाग निघेल, तेव्हा या पट्ट्या लागतील, म्हणून मी ट्रंकेत. शेवटच्या आजारात सिंधूबाईंनी विचारलं, “दत्ता, धुतलंस का रे ते?”

“धुतो, आई.”

त्या गेल्या. मी तसाच.

आता दत्तात्रेयाची नात रुचिरा मोबाइलवर जुन्या सिनेमांची टिंगल करते. परवा तिनं मला गळ्यात घेतलं. “दोस्तों, इजिप्त देखिए! वाळवंटात पळस फुललाय, मागे भैंसें नहा रही हैं, पिरॅमिडला टेकून किसी की साइकिल खड़ी है. राजकन्या किंचाळते, तो मूँछवाले चाचा की आवाज़ में! और ये हमारी ममी, रेड बॉर्डरवाली. जगातली एकमेव ममी जी साडी नेसते!”

लोकांना ते फार आवडलं. सदर बाजारातल्या एका हॉटेलात कार्यक्रम ठरला. सिनेमा दाखवायचा आणि खरी ममी येऊन शाप देणार. आजोबांनी दाढी केली, दोनदा आरशात पाहिलं.

त्या दुपारी रुचिरा मला त्यांच्या अंगाला गुंडाळत होती. लाल काठ छातीवर आला.

“आजोबा, शिवू नको, लांब हो, याचा मतलब काय होतो?”

दत्तात्रेय हसायला गेले आणि थांबले. पणजोबांचं एवढंच बोलणं तिच्यापर्यंत आलं होतं, तेही शाप म्हणून.

“तुझे पणजोबा पूजेला निघाले की म्हणायचे.”

“म्हणजे ये डायलॉग नहीं है?”

“नाही गं. आणि ही साडीही नाही. सोड, मी काढतो.”

“अहो, लोग आ गए असतील! काय सांगू?”

“सांग, ममी धुवायला टाकलीये.”

ती पाय आपटत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी एखादी वस्तू जिवापाड जपत असेल. तिचं तुम्हाला हसू येत असेल, तर हसा. पण ती मागून नेलीत, तर वेळेत परत करा. उशिरा धुतलेलं धोतर नेसायला माणूस उरत नाही. मला तर जोडणारही कुणी नाही.

दत्तात्रेयांनी भर दुपारी पुन्हा अंघोळ केली. मला बादलीत भिजवलं, चोळलं. चहाचा रंग काही गेला नाही. काठी केव्हाच मोडून गेली होती. त्यांनी मच्छरदाणीचा बांबू सोडवला, ओल्या पट्ट्या खांद्यावर टाकल्या आणि कठड्याला धरत गच्चीचा जिना चढू लागले.