काजव्याच्या छातीतला दिवा

काकांनी काजव्याचं डोकं मांडीवर उलटं घेतलं, ओल्या फडक्याने आतून पुसलं आणि मान वर न करताच म्हणाले,

"मारा की मला खुशाल. दिवा तेवढा माझ्या हातात राहू द्या."

ती समोरच्या खोक्यावर बसून त्यांना शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग वाचून दाखवत होती. हातातले कागद तिने गुडघ्यांवर सरळ केले. मुलांच्या या अंतराळमालिकेची ती लेखिका, आणि काजवा हा तिने घडवलेला यंत्रमानव : ठेंगणा, चंदेरी, मडक्यासारख्या गोल डोक्याचा, छातीत पिवळा दिवा असलेला. पहिल्या पर्वापासून त्याच्या आत काका होते. हाडापेराने बारीक, बायको गेल्यापासून एकटे राहणारे, आणि उभा जन्म रंगभूमीवर कुणाच्या ना कुणाच्या मागे उभे राहिलेले. मालिकेतही त्यांचा चेहरा कधी दिसला नाही. काजव्याचा आवाजसुद्धा त्यांचा नव्हता. तो नंतर एक तरुण नट काचेच्या खोलीत बसून द्यायचा. काकांचं म्हणावं असं एवढंच : ते डुलत चालणं, ती कलती मान, आणि दिवा.

दिव्याचं बटण उजव्या पंजात, अंगठ्याखाली होतं. डोकं मागच्या कड्यांनी बंद झालं की काकांना ते स्वतःहून काढता येत नसे. आत घसा फोडून ओरडलं तरी बाहेर नुसती घुरघुर यायची. म्हणून त्यांनी स्वतःच एक पद्धत पाडली होती. दिवा एकदा लुकलुकला, तर सगळं ठीक. दोनदा, तर पाणी. तीनदा, तर डोकं काढा. सेटवर येणाऱ्या प्रत्येकाला ते ही पद्धत शिकवत. तिची लेक भिंगरी सुट्टीत एकदा तिथे आली होती, तर दिवसभर ती आणि काका त्याच भाषेत गप्पा मारत बसले होते.

"काका, तो दिवा हळूहळू मंदावत जायला हवा," ती म्हणाली. "बटणाने तो एक तर लागतो, नाहीतर विझतो. दिवेवाला बाहेरून डिमरवर घेईल. एका शॉटचा तर प्रश्न आहे."

"आणि मला काही झालं तर?"

"पंधरा माणसं असतील तुमच्याभोवती. शिवाय मी आहे ना. माझी नजर सुटते का कशावरून?"

हे मात्र खरं होतं. घरातून निघताना ती गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासायची, झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. सेटवरही कुणी जरा गप्प दिसलं की तिचं "ठीक ना?" सुरू. पोरं तिची नक्कल करायची.

काका हसले. "नजर नाही हो सुटत तुमची. पण लेखिकाबाई, तुम्ही असं काही लिहून ठेवलंय की सगळे रडणार. रडणाऱ्या माणसाला काय दिसतं?"

"तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणून तिने कागद उचलले. आपल्या लिखाणाचं कौतुक म्हणून ते वाक्य तिला आवडलंच होतं. ते दुसऱ्या दिवशी तिने दिग्दर्शकांना सांगितलंही.

शेवटच्या भागाचं शूटिंग एका बंद पडलेल्या गोदामात होतं. अंड्यांच्या ट्रेंना चंदेरी रंग फासून यानाच्या भिंती केलेल्या. भाज्या धुवायच्या चाळण्या उलट्या ठोकून त्यांची यंत्रं. गोष्ट अशी की यानातली वीज संपली आहे, तीन मुलं गारठली आहेत, आणि काजवा आपल्या छातीतली सगळी वीज यानाला देऊन टाकतो. मुलं घराकडे निघतात. काजवा विझतो.

दिग्दर्शकांना तो प्रसंग न तोडता, सलग हवा होता. कॅमेरा काजव्याभोवती पूर्ण फिरणार, म्हणून मागच्या कड्या झाकायला त्यांवर चंदेरी पट्टी चिकटवली. डोक्यातला छोटा पंखा घरघरतो, म्हणून तो बंद केला. दिवेवाल्याने डिमरची तार वरच्या वर जोडून घेतली.

"काका, बटण आता मेलंय बरं का," दिग्दर्शक काजव्याच्या डोक्यावर टकटक करून म्हणाले. "उगाच दाबत बसू नका."

काजव्याने मान कलती केली. सगळे हसले.

बटण मेलेलं नव्हतं. घाईत ते तोडायचं राहूनच गेलं होतं, आणि हे दिवेवाल्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्यालाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

पहिल्यांदा मधली मुलगी चुकली. मग कॅमेऱ्याचं चाक अडखळलं. मग वरून कसलासा आवाज आला. दर खेपेला पट्टी सोलायची, पुन्हा चिकटवायची म्हणजे वेळ जाणार, म्हणून काकांना तसंच आत ठेवलं. तिने एकदा जवळ जाऊन काजव्याच्या डोळ्यांच्या जाळीत पाहिलं. आत काळोख होता.

"काका, ठीक ना?"

पंजा थोडासा वर आला. तिने ते 'हो' समजून घेतलं.

त्यानंतरचा शॉट जमून गेला. मुलांनी काजव्याला मिठी मारली. यानाच्या चाळण्यांत एकेक दिवा लागत गेला आणि त्याच्या छातीतला पिवळा उजेड ओसरू लागला. तो गुडघ्यांवर आला. मग कडेला कलंडला. आणि अगदी विझायच्या बेताला आलेला दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. आणखी एकदा. अंमळ थांबून पुन्हा तसाच. मेकअपवाली बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. लेखिकेला तर समोरचं सगळं पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. आपण लिहिलं त्याहून हे कितीतरी छान झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

"कट!" दिग्दर्शक ओरडले, आणि धावत दिवेवाल्याकडे गेले. "अरे वेड्या, ती शेवटची लुकलुक! कुठून सुचली तुला?"

अख्ख्या पर्वात त्यांनी दिवेवाल्याला पहिल्यांदाच शाबासकी दिली होती. त्याने काही म्हणण्यासाठी तोंड उघडलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्याने मान खाली घातली.

पट्टी सोलायला वेळ लागला. डोकं निघालं तेव्हा काका घामाने निथळत होते आणि चेहरा खडूसारखा झाला होता. त्यांना खुर्चीवर बसवलं, वारा घातला.

"काका, ठीक ना?"

ते तिच्याकडे बघत राहिले. फार वेळ. मग म्हणाले, "ठीक आहे."

कपडे बदलताना सदऱ्याचं बटण त्यांना काही केल्या लागेना. तिने भिंगरीचं लावावं तसं ते लावून दिलं. "एवढा मोठा नट, आणि बटण लावायला लेखिका लागते," असंही म्हणाली. एरवी काकांनी अशा बोलण्याची परतफेड दुपटीने केली असती. आज ते तिच्या बोटांकडे बघत बसले. काजवा गेला म्हणून मन भरून आलं असेल, असं तिला वाटलं. ऑफिसच्या गाडीने त्यांना घरी सोडलं.

दोन-तीन दिवसांनी तिने फोन केला. बरं आहे ना? "ठीक आहे." जेवणाचा डबा वेळेवर येतो ना? "ठीक आहे." येऊ का भेटायला? "ठीक आहे." फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "रुसलेत. मारून टाकलं ना मी त्यांना."

मग नवरा कामासाठी परगावी गेला आणि भिंगरीला घेऊन ती माहेरी गेली.

शूटिंगनंतरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग लागला, तेव्हा माहेरची बैठकीची खोली शेजारच्या पोरांनी भरून गेली होती. काजवा गुडघ्यांवर आला तशी पोरं रडू लागली.

"तायडे, पोरांना रडवायची नोकरी बरी मिळवलीस," धाकटा भाऊ म्हणाला, आणि स्वतःच नाक पुसलं.

भिंगरी रडत नव्हती. ती उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. एक हात वर धरून बोटं मिटत होती.

"अगं, मागे ये. डोळे जातील," आजी म्हणाली.

"तीन," भिंगरी म्हणाली. मग थांबून, पुन्हा बोटं मिटून, "परत तीन. आई, डोकं काढा म्हणताहेत. कुणी काढत का नाही?"

"अगं चिमणे, ती गोष्ट आहे," आजी म्हणाली.

"गोष्ट काजव्याची आहे," भिंगरी म्हणाली. "दिवा काकांचा आहे ना?"

पडद्यावर नावं सरकू लागली होती. लेखिकेच्या हातातली बशी कलली आणि चहा साडीवर सांडला, तो चटका तिला कळलाही नाही. भावाने मोबाइलवर तो भाग पुन्हा लावून दिला. तिने लुकलुक पाहिली. तीन. थांबून तीन. थांबून दोन, आणि अंधार.

ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं आणि काकांना फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"काका, मी बोलतेय."

"ठीक आहे."

"त्या दिवशी तुम्ही बटण दाबत होतात?"

"ठीक आहे."

"काका, जेवलात का?"

"ठीक आहे."

तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं,

"काका, मला काय म्हणून हाक मारता तुम्ही?"

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग बऱ्याच वेळाने, भरल्या पेटीत तळाशी हात घालून एकच वस्तू पुन्हा पुन्हा हाती लागावी, तसे तेच दोन शब्द वर आले.

"ठीक... आहे."

दिग्दर्शकांचा फोन बंद होता. ऑफिसला रविवारी कोण असणार? काकांच्या शेजाऱ्यांचा नंबर तिने कधी घेतलाच नव्हता. भाऊ स्टँडवर गाडी बघायला धावला. मालिकेच्या ग्रुपवर टाळ्यांचा आणि लाल बदामांचा पाऊस पडत होता, कुणीतरी त्या शेवटच्या लुकलुकीचा तुकडा कापून टाकला होता. ती उभ्याउभ्याच लिहू लागली.

"हे जो कुणी आधी वाचेल त्याने हातातलं काम टाकून काकांच्या घरी जावं. ऑफिसमागच्या गल्लीत, इस्त्रीच्या दुकानावर, दुसरा मजला, हिरवं दार. घंटी चालत नाही, दार हाताने वाजवा. जाताना डॉक्टरांना घेऊन जा. मी निघालेच आहे, पण मला यायला सकाळ होईल. आतून ते 'ठीक आहे' म्हणतील. परत फिरू नका. आत जा."