बिनमिठाचे पेडवे

२०१७ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. पिंजऱ्याची गाडी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकात येऊन उभी राहिली, तेव्हा तिथला जुना कामगार गणपत नारळ हातात घेऊन सज्ज होता आणि डॉक्टर गौरजा त्याला थोपवत होती.

"गणपतकाका, आवाज नको. तीस तासांचा प्रवास करून आलीय ती. घाबरेल."

"नारळ फोडल्याबिगर नवा जनावर आत घेऊचो रिवाज नाय आमच्यात. गाऱ्हाणा हळू घालतंय, मग झाला?"

आणि गणपतने खरोखरच कुजबुजत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही परमुलखातली लेक आज तुझ्या पायाशी इली हा. तिच्या अंगाक लागलेला काय ता दूर कर, तिका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जनावरांचं जेवण सांभाळणारी सुभद्रा आणि गाडी उतरवायला आलेली माणसं तेवढ्याच हळू म्हणाली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

खोक्याच्या जाळीतून दोन काळेभोर डोळे बघत होते. पाणमांजर. गणपत म्हणाला, आमच्या खाडीत याला हूद म्हणतात, लहानपणी सकाळचे दिसायचे, आता दिसत नाहीत. म्हणून तर हिला हरणांच्या जोडीच्या बदल्यात दुसऱ्या राज्यातून आणली होती, आणि तिच्यासाठी काचेचा मोठा हौद बांधला होता. रविवारपासून तो लोकांना खुला व्हायचा होता.

हे प्राणिसंग्रहालय कट्टा गावाच्या पुढे, एका टेकडीच्या उतारावर. भेकरं, मोर, एक मगर, आणि दाढा पडलेला म्हातारा बिबट्या, एवढाच पसारा. या सगळ्यांच्या जेवणाची खोली सुभद्राच्या ताब्यात. नवरा गेल्यावर ती इथे कामाला लागली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. बिबट्याच्या मटणाचे तुकडे केवढे करायचे, कुठली पानं भेकरं तोंडात धरून टाकून देतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खोलीची किल्ली कमरेला. रात्री घरी गेली तरी किल्ली कमरेलाच असायची.

पाणमांजराबरोबर एक कागद आला होता. रोज चार वेळा ताजे मासे द्यावेत. गौरजा तो वाचून दाखवू लागली तर सुभद्राने हातानेच थांबवलं.

"मासळीतला माका सांगू नको, बाय. माझो जल्म खाडयेवर गेलो. तुका पेडवो आणि तारली तरी वेगळी कळता?"

गौरजा सोलापूरकडची, घरात पिढ्यान् पिढ्या मासळी शिजलेली नाही. माशांची टोपली आली की ती नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागे सरायची. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "तुम्ही आहात म्हणून बरं आहे, मावशी."

आचऱ्याहून सकाळी आठ वाजता पेडवे यायचे. पहिलं जेवण लगेच, पुढची तीन संध्याकाळपर्यंत. फ्रिज बिबट्याच्या मटणाने भरलेला, आणि बर्फातली मासळी सुभद्राच्या लेखी मासळीच नव्हती. मग उरलेल्या पेडव्यांचं तिने तेच केलं, जे या किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात बाई हात न थांबवता करते. धुतले, मूठभर मीठ चोळलं, पातेल्यात झाकून ठेवले.

पाणमांजर सकाळचे पेडवे कराकरा चावून खायचं. दुपारचे हुंगायचं, बाजूला ढकलायचं आणि फारच भूक लागली की दोनचार गिळायचं. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. चौथ्या दिवसापासून सकाळचेही जाईनात. ती सारखी पाणी पीत राही आणि दगडावर पडून राही.

रविवारी लोक आले. मुंबईहून आलेली कुटुंबं, शाळेची एक सहल. काचेपाशी गर्दी झाली.

"मेलेला आसा काय गो ह्या?" एका बाईने विचारलं. तिच्या मुलाने काचेवर थापा मारल्या.

सुभद्रा खोलीतून तरातरा बाहेर आली. "काच बडव नको रे! तुझ्या दारावर कोण बडवल्यान तर तू नाचतलंस? जनावर बघूचा असात तर सकाळी दहाच्या आत येवा. उन्हात सगळी झोपतत. आणि ती केळी पिशयेत घाला. हयसर कोणाक काय देऊचा नाय."

लोक पांगले. सुभद्रा मात्र काचेशी तशीच उभी राहिली. तिच्या हातचं खाऊन आजवर कुणी असं पडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गौरजाने तिला बोलावलं. रात्रभर झोप नसल्यासारखा तिचा चेहरा.

"मावशी, नीट आठवून सांगा. माशांना काही लावलं होतं? काही घातलं होतं? औषध, पावडर, काहीही?"

"नाय गो. कायच नाय."

ती खोटं बोलत नव्हती. गौरजाने कागदावर लिहिलं, आहारात दोष नाही. मग म्हणाली, "म्हणजे हा प्रवासाचाच ताण. अंगातलं पाणी गेलंय तिच्या. अकरा वाजता सलाईन लावते. आज नाही सावरली तर मग कठीण आहे."

सुभद्रा खोलीत परतली. गणपत बाटल्यांचं खोकं घेऊन तिथेच आला, दम खायला टेकला.

"एवढ्याशा जनावराक एवढ्यो बाटल्यो. काय असता गो ह्यात?"

"डॉक्टरांचा औषध. माका काय कळता?"

"माका माझ्या पोराच्या वेळेक नर्सबाय म्हणाली होती. सलाईन म्हणजे मिठाचा पानीच, बाकी काय नाय."

सुभद्राचा हात विळीवरच थांबला. समोर पातेल्यात सकाळचेच पेडवे होते, नुकतंच मीठ लावलेले. तिने एक उचलला आणि जिभेला लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मासा खारट लागला.

"गणपत, ता खोका हयसरच ऱ्हवांदे."

"कित्याक? बाय वाट बघता."

"ऱ्हवांदे म्हटलंय ना!"

ती दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. गौरजाला मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कागदावर तर लिहून झालं होतं. पण सुई लागायची ती त्या जनावराला.

"बाय, सलाईन लावू नको. मी पेडव्यांका मीठ लायलंय. रोज. सकाळचे सोडून सगळ्यांका."

गौरजाचा आवाज चढला. "मी तासाभरापूर्वी विचारलं होतं तुम्हाला! काही लावलंय का म्हणून!"

"इचारलंस. पण मीठ म्हणजे काय लावला, असा माका वाटूकच नाय. मासळी इली की हात आपसूक मिठाकडे जाता. माझ्या आवशीचो जायचो, माझो जाता." तिने पदराने तोंड पुसलं. "तुका मासळी कळणा नाय म्हणान हसलंय मी. माकाच कळली नाय."

गौरजाने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि फोन उचलून कुणा मोठ्या डॉक्टरांना विचारू लागली. दिवसभर ती पाणमांजराला थोडं थोडं गोडं पाणी पाजत राहिली. सुभद्रा दाराबाहेर बसून होती. आत ये म्हणून कुणी म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी पाणमांजराने एक पेडवा तोंडात धरला, डोक्यापासून शेपटीपर्यंत खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी पाण्यातून मान वर काढली.

त्याच दुपारी गौरजा अहवाल घेऊन आली. "मावशी, तुमचं नाव नाही घातलं तरी चालेल. कर्मचाऱ्यांची चूक एवढंच लिहिते. मीही पातेल्यात डोकावून बघायला हवं होतं, ते लिहिलंय."

"माझा नाव घाल. आणि मीठ लायला ता पण लिही. उद्या माझ्या जागेर दुसरी बाय येतली, तीपण हयचीच असतली. तिचो हात पण थयसरच जातलो."

प्राणिसंग्रहालयाच्या समितीने तिला कामावरून काढलं नाही, फाटकावर बसवलं. खोलीची किल्ली तिने गणपतच्या हातात दिली. त्या दिवशी घरी जाताना कमरेचा तो भाग तिला सारखा हलका लागत होता.

म्हातारा बिबट्या पुढच्याच उन्हाळ्यात गेला. पाणमांजराला मागाहून नर मिळाला आणि दोन पिल्लं झाली. ती बघायला गोव्याहूनही लोक आले. गणपत निवृत्त होऊन आचऱ्याला राहतो, पण नवा प्राणी आला की गाऱ्हाण्याला त्यालाच बोलावतात. गौरजा विदर्भातल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात गेली. माशाचे कल्ले उघडून ताजेपणा सांगते म्हणे, खात मात्र अजून नाही. सुभद्राला वर्षाने खोलीत परत ये म्हटलं होतं. ती गेली नाही. सहा वर्षं फाटकावर बसून तिने लोकांना दहाच्या आत या, टोपी आणा, काच बडवू नका, हेच सांगितलं, आणि २०२३ला घरी बसली.

परवा ती नातीला घेऊन गेली होती. हौदाशी सारिका नावाची नवी मुलगी बादली घेऊन उभी होती. तिने बादलीतला एक पेडवा काढला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि मगच पहिला मासा पाण्यात टाकला.

"ह्या काय करतंस गो?" सुभद्राने विचारलं.

"नियम आसा, आजी. रोज कच्चो मासो जिभेक लावन बघूचो. कोणी केल्यान हो नियम, देवाक म्हायत."

"केल्यान असात कोणी तरी," सुभद्रा म्हणाली, आणि नातीला पुढे बघता यावं म्हणून स्वतः कठड्यापासून बाजूला झाली.