टायमरचा नारळ

टायमरच्या पेटीला हळद-कुंकू लावलं ते बायडाबाईनंच. नारळही तिनंच फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा भाच्याच्या हातावर ठेवला. उद्यमनगरात जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या कृष्णातला टायमर बसवायचं हे काम मिळालं होतं ते या मावशीच्या शब्दावर.

फौंड्री जोरात चालायला लागल्यावर हंबीररावांनी बंगल्यामागं पोहायचा टँक बांधला. हौस म्हणून नव्हे. त्यांच्या आईला, आक्कांना, अर्धांगवायू झाला होता आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात पाय हलवायला सांगितलं होतं. रोज पहाटे येऊन पंप चालू करायचा, पाणी फिरायला लागलं की हीटर लावायचा, एवढंच बायडाबाईचं काम. नवरा कधीच गेलेला. याच पगारावर तिची चूल पेटायची.

आता तेच काम पेटीतलं घड्याळ करणार होतं. खटका पडला, पंप घुमला, मागोमाग हीटरचा लाल दिवा लागला. मावशीनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"बायडाबाई, उद्यापास्नं पहाटं यायचं काम न्हाय," हंबीरराव म्हणाले.

"मग कवा येऊ?"

हंबीररावांनी नुसतंच पेटीकडं बोट दाखवलं. तेव्हा कुठं कृष्णातच्या डोक्यात उजेड पडला. गावभरच्या मोटारींचे दोष काढणाऱ्या या शहाण्याला वायर ओढताना एवढं दिसलं नव्हतं! हातावरचं खोबरं त्यानं तसंच पेटीवर ठेवलं.

मावशी त्याला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती मिळेल त्याच्या रानात तण भांगलायला जाऊ लागली आणि बांधावर बसून बायकांना सांगू लागली, "माझ्या किस्नानं काय यंत्र बशिवलंय म्हनता!" ते कृष्णातच्याही कानावर यायचं. आपण मावशीच्या पोटावर पाय दिला, हे त्याच्या मनातून हलेना.

तेवढ्यात बंगल्यावरून बोलावणं आलं. लाईट गेली की टायमरचं घड्याळही थांबायचं आणि लाईट आल्यावर राहिल्या जागेवरून पुढं चालायचं. ऐंशी सालानंतरचे दिवस, लाईट तर रोजचीच जायची. घड्याळ पार मागं पडलं, हीटर उशिरा लागला आणि आक्का गार पाण्यात उतरून कुडकुडल्या.

कृष्णातला दोष सापडला, आणि त्यातच वाटही सापडली.

"मालक, लाईट आली की घड्याळ पुढं सारायला माणूस पायजे. मावशीला परत बोलवा की."

"बिनलाईटचं चालणारं घड्याळ मिळत न्हाय व्हय?"

मिळत होतं. बॅटरीवर चालणारं, पुण्याच्या दुकानात त्यानं स्वतः हाताळून बघितलं होतं.

"न्हाय मिळत," तो म्हणाला.

बायडाबाईला रानातून आक्कांच्या खोलीत बोलावून आणलं. हंबीररावांनी तिला सगळं सांगितलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "तुझा भाचा तुझ्यासाठी खोटं तर बोलत न्हाय न्हवं?"

बायडाबाई भडकलीच. भिंतीवरच्या जोतिबाच्या फोटोकडं तिनं हात केला. "जोतिबाची आण! माझा किस्ना खोटं बोलायचा न्हाय. बोलला आसंल तर माझं डोळं जातील!"

 कृष्णातच्या घरात जोतिबाची आण म्हणजे थट्टा नव्हती. भाकरीचं काय, ती एक दारी नाही तर दुसऱ्या दारी मिळेल. पण आपल्या खोट्यापायी मावशीनं डोळे पणाला लावावेत?

"मिळतं, मालक," तो खाली बघत म्हणाला. "पुण्याला मिळतं. बॅटरीवर चालतं. मी खोटं बोललो."

 बायडाबाईनं पदर खोचला.

"बगा! शेवटी खरंच बोलला का न्हाय माझा किस्ना?" ती हंबीररावांना म्हणाली. मग कृष्णातकडं न बघता दाराकडं वळली. "नवं घड्याळ बशिवशील तवा सांग रं. नारळ आनायला पायजे."