खांबाला सोडावं की ठेवावं

आमच्या दुकानात बास्केटबॉलचा हंगाम सामने संपल्यावर सुरू होतो. सामने चालू असताना माणसं निदान टीव्हीकडे बघत गप्प बसतात. एकदा ते संपले, की कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, यावर सगळ्यांच्या जिभा सैल सुटतात. आमच्या शहराच्या संघाच्या मालकाला यांच्यातल्या एकाचंही तोंड माहीत नाही. पण तो यांच्या निर्णयासाठी खोळंबून बसलाय, अशा थाटात हे लोक बोलतात.

दुकान खेळाच्या सामानाचं आहे, पण आमचा खरा धंदा जर्सीवर नाव आणि नंबर छापण्याचा. मशीन रंगीत प्लास्टिकच्या पातळ कागदातून आकडे कापून देतं, मी चिमट्याने त्यांच्या आजूबाजूची कातरणं काढते, आणि मग आकडा जर्सीवर मांडून गरम प्रेसखाली दाबायचा. यातलं मांडणं हे मामाचं काम होतं. कॉलरच्या खाली चार बोटं ठेवायची, तिथून आकडा सुरू करायचा. पट्टी नाही, खूण नाही. आकडा एकदा दाबला गेला की सरकवता येत नाही, सोलून नवाच लावावा लागतो, त्यामुळे या कामात अंदाज चुकून चालत नाही.

मामा म्हणजे आमच्या आईचा भाऊ. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ माझ्याहूनही लहान. आईला दुकानातलं ओ की ठो कळत नव्हतं. मामा आपली बरी चाललेली नोकरी सोडून, बिनआईच्या लेकीला कडेवर घेऊन आमच्याकडे आला आणि गल्ल्यावर बसला, तो बसलाच. पुढे आई गेली. मामाची लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. दुकानाच्या वरच्या खोल्यांत आम्ही तिघं उरलो, मी, भाऊ आणि मामा.

आता दुकान भाऊ चालवतो. त्याला सगळे कोच म्हणतात, कारण तो जगातल्या प्रत्येकाला त्याचं काम शिकवतो. रोज दुपारी पाळी संपवून येणारा बसचा ड्रायव्हर आहे, त्याला तो वळण कसं घ्यावं हेही सांगतो. ड्रायव्हर बिचारा ऐकून घेतो, कारण चहा आमचा असतो. दुसरे येतात ते सर, शाळेत खेळ शिकवायचे, आता निवृत्त आहेत. हे तिघं आणि मामा, अशी ही आमची संघनिवड समिती.

त्या वर्षी सगळा वाद खांबावरून होता. खांब म्हणजे आपल्या संघातला सगळ्यांत जुना खेळाडू. बास्केटखाली उभा राहिला की कोणाच्या बापाला हलवता येत नाही, म्हणून खांब. पूर्वी हे नाव कौतुकाने घेतलं जायचं. आता त्याचे गुडघे बोलायला लागले होते आणि लोक तेच नाव चिडवायला वापरत होते. दुसऱ्या एका संघात एक हडकुळा, लांब टांगांचा मुलगा होता, उड्या मारणारा. त्याला आमच्याकडे नाकतोडा म्हणत. खांब द्यावा आणि नाकतोडा घ्यावा, असं भाऊचं म्हणणं. ड्रायव्हर त्याच्या बाजूचा. मामा आणि सर खांबाच्या बाजूचे.

"पगाराला मर्यादा असते मामा," भाऊ म्हणायचा. "अर्धी तिजोरी खांबाच्या गुडघ्यांत अडकलीय. तो गेला तर नाकतोडा येतो, वर लांबून नेम मारणारे दोघं येतात."

"आणि त्या नेमबाजांना मोकळं कोण करणार?" मामा म्हणायचा. "खांब मध्ये उभा राहून आडोसा देतो, म्हणून पोरांना नेम धरायला सवड मिळते. ते तुझ्या आकड्यांत दिसत नाही."

"आता तो आडोसा देत नाही, आधार शोधतो."

यावर सगळे हसायचे. मामाही हसायचा. त्याला विनोद चांगला कळतो, स्वतःच्या अंगावर आला तरी. पण वाद तो सोडायचा नाही. सर कधी कधी कंटाळून भाऊच्या बाजूला झुकायचे, तेव्हा मामा त्यांना जास्तीचा चहा देऊन परत आपल्याकडे ओढायचा.

तोवर दुकानात दुसरंच काहीतरी चाललं होतं आणि त्याबद्दल आम्ही कोणीच बोलत नव्हतो. मामाचे आकडे वाकडे बसायला लागले होते. डोळ्याचं ऑपरेशन होऊनही नजर पूर्वीची राहिली नव्हती, आणि चार बोटं ठेवली की ती चार बोटंच थरथरायची. एका शाळेची अख्ख्या संघाची ऑर्डर होती. त्यातले सगळे आकडे असे कलले होते की पोरं उतारावर उभी आहेत असं वाटावं. शाळेने परत पाठवली. भाऊ मामाला काही बोलला नाही. मामा जेवून वर झोपला की तो प्रेस तापवायचा, मामाने लावलेले आकडे ऊन करून सोलून काढायचा आणि नवे लावायचा.

"त्याला सांगून टाक की सरळ," मी म्हणाले.

"काय सांगू? ज्याने मला चालायला शिकवलं, त्याला म्हणू का, आता बाजूला हो? माझ्याच्याने व्हायचं नाही."

हे बोलताना त्याचे डोळे भरले होते, हे मी मुद्दाम सांगते. माझा भाऊ दगड नाही. अवघड बोलायचं आलं की तो मूग गिळून बसतो, एवढाच त्याचा दोष. बास्केटबॉलवर मात्र तोंडाचा पट्टा चालू.

सोललेले आकडे तो कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबून टाकायचा. एकदा मामा लवकर उठून खाली आला. मी चिमटा घेऊन बसले होते. मामाने काहीतरी टाकायला डबा उघडला आणि तो तसाच वाकून राहिला. मग त्याने एक चुरगळलेला सातचा आकडा बाहेर काढला, बोटांनी सरळ केला, पुन्हा आत ठेवला आणि झाकण लावलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "डबा भरलाय गं." मी डबा उचलून मागे नेला.

त्या दिवसापासून मामाने आकडे मांडायचं सोडलं. आज डोकं दुखतंय, आज कंबर धरलीय, असं म्हणून तो घड्या घालत बसायचा. भाऊला बरंच वाटलं. न बोलता सुटलं, असा त्याचा समज.

आणि मग ती दुपार आली. ड्रायव्हर होता, सर होते, भाऊ काउंटरवर कोपरं टेकून खांबाच्या नावाने बोटं मोडत होता. मी एका गिऱ्हाइकाच्या मुलीला मोजे दाखवत होते, त्यामुळे माझा अर्धा कान तिकडे होता. मामा घडी घालता घालता म्हणाला,

"मी म्हणतो, सोडावं त्याला."

ड्रायव्हरचा कप तोंडाशीच राहिला. "मामा? तुम्ही म्हणताय हे?"

"त्याचं त्याला कळत असणारच की. आपल्याने होत नाही हे कळतंच माणसाला," मामा म्हणाला. त्याचं लक्ष घडीकडे होतं. "फक्त कोणीतरी त्याला एकदा विचारायला हवं. बाबा रे, मैदानात नको, पण राहतोस का? बाकावर बसशील का, पोरांना दोन गोष्टी सांगशील का? तो नाही म्हणायचा नाही. पण विचारायला हवं ना कोणी."

मग त्याने मान वर करून भाऊकडे पाहिलं.

"बाकावर बसवायचा तरी कशाला?" भाऊ म्हणाला. अंगात कोच संचारला होता. "बाकावरची जागाही जागाच असते मामा. ती अडते. तो बसलाय म्हटलं की नवा पोरगा सारखा त्याच्याकडे बघणार. मायेवर संघ चालत नाही. धन्यवाद म्हणायचं, हार घालायचा आणि निरोप द्यायचा."

"असं म्हणतोस?"

"अगदी असंच."

"मग सोडा," मामा म्हणाला.

"पटलं ना शेवटी! इतके दिवस डोकं खाल्लंस माझं." भाऊने हात पुढे केला. "दे टाळी."

मामाने हातातली जर्सी खाली ठेवली आणि टाळी दिली. सर म्हणाले, आता मी एकटा पडलो. ड्रायव्हर हसला. गिऱ्हाइकाच्या मुलीला निळे मोजे हवे होते, ते मी शोधून दिले.

जेवताना मामाने सांगितलं, लेकीकडे जाऊन येतो. कितीतरी दिवस बोलावतेय. भाऊ म्हणाला, जा की, तेवढाच आराम. मी मामाची बॅग भरायला गेले तर ती त्याने आधीच भरलेली होती. वर उन्हाळ्याचे शर्ट होते आणि खाली स्वेटर. थंडीला अजून बराच अवकाश होता. मी बाहेर येऊन भाऊला म्हणाले, त्याला जाऊ देऊ नकोस, तो परत यायचा नाही. भाऊ म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच. दुकान सोडून मामा राहील होय?"

मामा राहिला. प्रत्येक फोनवर कारण वेगळं. जावई गावाला गेलाय, नातीला ताप आहे, नातीची शाळा सुरू झालीय. आकडा उचलून मांडायचा त्याचा चिमटा त्याने तेल लावून खोक्यात ठेवला होता. तो मला काउंटरखाली सापडला.

इकडे आपल्या संघाने खरंच खांबाला सोडला आणि नाकतोड्याला आणला. भाऊने सगळ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. काही दिवसांनी टीव्हीवर खांबाची मुलाखत लागली. बातमीवाल्या बाईने विचारलं, वाईट वाटलं का? खांब मोठा माणूस, चेहरा बंद दारासारखा. तो म्हणाला, "सोडलं याचं नाही वाटलं. मला एकदा विचारायला हवं होतं. मी बाकावरही बसलो असतो."

भाऊ तेव्हा आकडा मांडत होता. त्याचा हात तिथेच थांबला. त्याने टीव्ही बंद केला. ड्रायव्हर म्हणाला, अरे राहू दे की, ऐकू दे. भाऊने ऐकलं नाही. थोड्या वेळाने तो मागच्या खोलीत गेला. मी गेले तर कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून होता. मला म्हणाला, "ताई, मामाने हेच म्हटलं होतं ना? हेच शब्द?" मी हो म्हणाले. खोटं बोलून त्याला सोडवता आलं असतं, पण मलाही राग होता.

खरं सांगायचं तर मामावाचून दुकानाचं काही अडलं नाही. आकडे सरळ बसतात. त्या शाळेने पुन्हा ऑर्डर दिली. संघही ना धड वर ना धड खाली, असा मध्ये कुठेतरी लोंबकळतो. नाकतोडा छान उड्या मारतो. फक्त दुपारी वाद होत नाही. भाऊ काही म्हणाला की ड्रायव्हर हो म्हणतो, सर हो म्हणतात, आणि चहा संपायच्या आत बोलणं संपतं. मामाची खुर्ची कोणी हलवलेली नाही. तिच्यावर कोणी बसतही नाही.

फोनवर ते दोघं फक्त बास्केटबॉलवरच बोलतात. दुसरं काही बोलता येत नाही त्यांना, कधी आलंच नव्हतं. परवा भाऊने फोन लावला आणि काउंटरवर ठेवला, आवाज मोठा करून. मी कातरणं काढत होते.

"मामा, इथे सगळे म्हणतायत, खांबाला परत आणावं," भाऊ म्हणाला. सगळे असं काही म्हणत नव्हते. दुकानात आम्ही दोघंच होतो. "मैदानात नको. बाकावर. पोरांना दोन गोष्टी सांगायला. तुझं काय मत?"

पलीकडे मामाच्या मागे नात कसलीतरी कविता घोकत होती.

"जागा कुठाय आता?" तो म्हणाला.

"जागा करू. मालक तयार आहे."

"मालक तयार आहे होय?" मामा हसला. जुनंच हसू, विनोद अंगावर घेणारं. "नको रे. त्याचं इकडे बस्तान बसलंय. सकाळी नातीला शाळेत सोडतो, दुपारी घटकाभर पडतो. आता कशाला उठवायचं त्याला?"

खांबाला नात नाही. त्याचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही.

"एकदा विचारून तर बघू त्याला," भाऊ म्हणाला.

"विचारायचं होतं ते तेव्हा," मामा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तेव्हा तो थांबला होता. जाऊ दे. तू जेवलास का?"

भाऊ जेवलो म्हणाला. जेवला नव्हता. फोन ठेवल्यावर त्याने पुढ्यातली जर्सी सरळ केली, कॉलरखाली चार बोटं ठेवली आणि तशीच ठेवून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी त्याच्याकडे टाळी मागितली. आणि त्याने दिली गं."