बुधवारचा बाराचा भोंगा

गल्लीत तिला तोंडावर आत्या म्हणत आणि पाठ वळली की भोंगा-आत्या. तिच्या शिवणाच्या दुकानात, कापडाच्या फळीवर, हवामानाचा रेडिओ होता. विटेएवढा डबा. एरवी मुखदुर्बळ, पण वादळाचा इशारा सुटला की आपोआप जागा होऊन असा केकाटायचा की बहिऱ्यानंही दचकावं. दर बुधवारी बाराच्या ठोक्याला त्याची चाचणी व्हायची. आधी भोंगा, मग एका बाईचा आवाज, "ही केवळ चाचणी आहे."

असे डबे गावात बऱ्याच जणांकडे होते, आणि बुधवारी बारा वाजले की सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडत. शेजारच्या सलूनवाल्यानं तर वायरच उपटून ठेवली होती. एकदा भोंग्यानं त्याचा हात हलला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली, तेव्हापासून.

आत्या मात्र पावणेबारालाच मशीन थांबवी, हात धुई आणि डब्यासमोर ताठ बसे. कारण तो आवाज तिच्या भाचीचा होता. आईविना पोर, आत्याच्या मशीनपाशी चिंध्यांशी खेळत वाढली. वीज कडाडली की मशीनखाली शिरून आत्याचा पाय धरून बसायची. आता तीच दूरच्या हवामान केंद्रात इशारे देत होती. सहा-सहा महिने घरी यायला फुरसत नाही, पण बुधवारी बाराला तिचा आवाज घरात यायचाच. चाचणी संपली की आत्या म्हणे, "ऐकलं गं बाई," आणि मग जेवायला बसे.

त्या बुधवारी बारा वाजून गेले. डबा गप्प. बारा-पाच झाले तरी गप्प. पोरीला काही झालं की काय? आत्यानं फोन लावला.

"अगं, बरी आहेस ना? आज बोलली नाहीस ती?"

"बोलले की! चाचणी गेली. इथे हिरवा दिवाही लागला."

"तुझा दिवा हिरवा असेल, माझा डबा मुका आहे."

"बॅटरी बघितलीस?"

"दर पहिल्या तारखेला बदलते. मला नको शिकवूस."

भाचीचा आवाज बदलला. "आत्या, दिवा लागला म्हणजे आवाज इथून निघाला, एवढंच. टेकडीवरच्या टॉवरनं तो पुढे पाठवला का, ते तुमच्या डब्यांनाच ठाऊक. आणि पश्चिमेला आत्ताच ढग धरायला लागलेत. साडेचारला शाळा सुटते. टॉवर बंद असेल तर मी इथे घसा फोडूनही तिथे कुणाला ऐकू यायचं नाही."

"शाळेत फोन कर."

"त्या ऑफिसात दुपारनंतर फोन उचललाय कधी कुणी? आणि गाव काय एका शाळेचं आहे? तू आणखी दोन डबे बघून ये. एका डब्यावरून आमचे साहेब टॉवरवर माणूस पाठवणार नाहीत."

आत्या टेप गळ्यात तशीच टाकून निघाली. सलूनवाल्याच्या डब्याकडे बघून म्हणाली, "तुझा तर तूच मारलायस." औषधवाल्याचा डबा चालू होता, पण बाराला वाजला नव्हता. "आज शांतता वाटली खरी," तो म्हणाला. शाळेचे हेडसर तर खुशीतच होते. "वाजला नाही ते बरंच झालं. गणिताचा तास पहिल्यांदा धड पार पडला."

"सर, तो वाजत नाही म्हणून पोरं सुखरूप आहेत असं समजू नका," आत्या म्हणाली आणि तिथूनच फोन लावला. "तीन डबे. तिन्ही मुके."

"ठेव फोन. टॉवरवर माणूस धाडायला लावते."

मग दुपारभर आत्याच्या हातून काम होईना. डावी बाही उजव्या खांद्याला लागली, उसवली, पुन्हा तिथेच लागली. बाहेर पश्चिमेला आभाळ काळंनिळं होत चाललं. डबा आपला गप्प. साडेतीन. पावणेचार. आता उठून शाळेत जावं म्हणून तिनं चपलेत पाय घातला आणि डबा केकाटला.

उभ्या आयुष्यात तिला तो आवाज इतका गोड लागला नव्हता.

"ही चाचणी नाही. अर्ध्या-पाऊण तासात सोसाट्याचा वारा आणि मोठ्या गारा. पक्क्या छताखाली थांबा. शाळांनी मुलं सोडू नयेत." शब्द न् शब्द स्वच्छ, कुठे घाई नाही, कुठे कंप नाही. विजेला भिऊन आपला पाय धरणारी ती एवढीशी पोर सगळ्या गावाला धीर देत होती. आत्याचा ऊर भरून आला. ती मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं गं बाई!" सलूनवाला फेसाळ गिऱ्हाइकासकट तिच्या दुकानात घुसला होता, त्याला ती म्हणाली, "माझी भाची आहे ती!"

साडेचारला शाळेच्या सायकल स्टँडचं पत्र्याचं छत उडालं आणि फाटकाशी येऊन आदळलं. तिथे रोज याच वेळी पोरांची झुंबड असते. त्या दिवशी तिथे फक्त लिंबाएवढ्या गारा होत्या. पोरं वर्गात बाकांखाली बसून हेडसरांच्या मागून पाढे म्हणत होती. टॉवरखालच्या खोलीत उंदरांनी वायर कुरतडली होती आणि धाडलेल्या माणसानं ती जेमतेम वेळेत जोडली, ते मागाहून कळलं.

पुढच्या बुधवारी बाराला गल्लीत कुणी वैतागलं नाही. डबे वाजले आणि दारादारांतून आरोळ्या आल्या. "वाजला!" औषधवाला. "आमचाही वाजला!" सलूनवाला, वायर पुन्हा जोडून आणि वस्तरा आधीच बाजूला ठेवून. शाळेतून हेडसरांनी शिपायाला धाडलं, वाजला म्हणून सांगायला.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला.

"आत्या, साहेबांनी आता नेमच केलाय. चाचणी झाली की तुला विचारायचं. तू हो म्हटल्याशिवाय ती झाली असं धरायचं नाही. वाजला का?"

आत्यानं पदर सारखा केला, जणू साहेब समोरच उभे होते. "वाजला. स्पष्ट वाजला," ती म्हणाली. "आणि घसा बसलाय तुझा. गरम पाणी पी."