पोटुशी की बाहेरची?

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, दुबलगुंडी गावात घरी कुणी थांबत नाही. सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. १९६७ सालच्या त्या सकाळी शारदाबाईंची पालेभाज्या-शेंगांची भज्जी शिजून तयार होती, अंबिलाचं मडकं भरलं होतं, गाडीला बैल जुंपले होते. त्या घरात शारदाबाईंचा शब्द चाले. त्यांचे यजमान हणमंतराव नुसते नावाला मालक. कोण सोवळ्यात, कोण ओवळ्यात, कुणी कुठे बसायचं, हे शारदाबाई एका नजरेत ठरवत. त्यांची नजर चुकते असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

त्यांची एकुलती सून वृंदा तेव्हा मागच्या पडवीत, गोठ्याच्या भिंतीला टेकून, गोणपाटावर बसली होती. दोन महिने तिची पाळी चुकली होती. शारदाबाई हरखून गेल्या होत्या. सुनेला घागर उचलू देत नव्हत्या, तिच्या भातावर हात सैल सोडून तूप वाढत होत्या. अन् आदल्या दिवशी तिच्या लुगड्याला डाग दिसला. झालं! तूप बंद झालं आणि गोणपाट आलं.

"आत्याबाई, हे नेहमीसारखं न्हाई वो," वृंदा पोट दाबून म्हणाली. "थोडंसंच जायलंय, काळपट. अन् एकाच अंगाला लई दुखायलंय. बीदरला दवाखान्यात दाखवावं वाटायलंय."

"पोटुशीला कधी विटाळ येतो का गं?" शारदाबाईंनी नाक मुरडलं. "मला पाच लेकरं झाली, मला नको शिकवू. रगत दिसलं, पोट न्हाई. उगं आम्हाला दोन महिने नाचवलीस. अन् विटाळशी बाई मोटारीत बसून गावाला शिवत जाणार व्हय? चवथ्या दिवशी न्हा, मग बघू."

वृंदाचा नवरा गुरुराज उंबऱ्यात उभा होता. हुमनाबादच्या शाळेत तो मुलांना विज्ञान शिकवायचा. "खांदा बी दुखायलाय," वृंदा त्याच्याकडे बघून म्हणाली. तो एक पाऊल पुढे झाला.

"गुऱ्या, शिवशील! पूजेला बसायचंय तुला."

पाऊल मागे गेलं. विज्ञानाचे मास्तर गाडीत जाऊन बसले. नणंद नलिनीने लांबूनच पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीही गेली.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. पंगती उठल्या, पुन्हा बसल्या. कुणी विचारलं तर शारदाबाई म्हणत, "सून बाहेर बसलीय. नशीब आमचं." बाया हळहळल्या, ती हळहळ शारदाबाईंसाठी होती.

दिवस कलताना गाडी परतली. वृंदा गोणपाटाच्या बाहेर आडवी पडली होती. ओठ पांढरे, अंगावर गार घाम. तांब्या तिच्या हाताच्या थोडा पलीकडे कलंडलेला होता. गुरुराज ओरडत धावला.

"थांब!" शारदाबाई त्याच्या आडव्या आल्या. "तसंच उचलतोस कामून? नले, घागर आण."

पौषाच्या तोंडावरची थंडी. शारदाबाईंनी थंडगार पाण्याची अख्खी घागर त्या निपचित पडलेल्या पोरीवर ओतली, आणि मगच तिला हात लावू दिला.

धान्याच्या लॉरीतून तिला हुमनाबादला नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि हात मागे घेतला.

"गेली. किती दिवस चढले होते?"

"न्हाई, पाळी आली होती," गुरुराज पुटपुटला.

"पाळी नव्हे ती. पोटच फुगलंय रक्तानं." सगळं ऐकून घेतल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, "गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली. दिवस चढल्यावर रक्त गेलं म्हणून पोट नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? पोट असूनही रक्त जातं. असं दुखत होतं, तर तेव्हाच आणायचं. सकाळी आणली असती तरी हातपाय हलवता आले असते."

असं सांगणाऱ्या शारदाबाई दाराशीच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात गल्ली जमली. भटजींनी दर्भ सोडता सोडता विचारलं, "बाई बाहेरची होती, का पोटुशी? विधी वेगळा पडतो."

हणमंतरावांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. आयुष्यभर असे निवाडे शारदाबाईंनी पापणी न लववता केले होते. आज त्या गोठ्याच्या भिंतीकडे बघू लागल्या.

"पोटुशी," गुरुराज म्हणाला.

"मग गोठ्याशी कशी?"

"मी बसवलं," शारदाबाई सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या. "पोटुशी होती. मी बसवलं. वरून पाणी बी मीच ओतलं." आणि त्या जमिनीवर बसल्या. त्यांना उठवायला कुणी पुढे आलं नाही.

सुतक फिटलं. पुढे एका सकाळी नलिनी मुकाट्यानं गोणपाट काखेत घेऊन मागच्या दाराकडे निघाली. शारदाबाईंनी ते ओढून घेतलं आणि चुलीत कोंबलं.

"अगं, देवघर आहे घरात!" हणमंतराव ओरडले.

"देवघर तवा बी होतं," शारदाबाई म्हणाल्या. मग लेकीचा हात धरून तिला माजघरात बसवलं.

"नले, दुखायलंय का तुला कुठं?"

त्या घरात आजवर हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं, तेच पोरीला ठाऊक नव्हतं.