कमी पडलेली भूमिका

आमच्या रविवारच्या खेळाला इंग्रजीत लार्प म्हणतात, हे वळ गावात मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. डब्यातून चिठ्ठी उचलायची, तिच्यावर लिहिलेला माणूस व्हायचं, तीन तास त्याच्यासारखं जगायचं आणि चिठ्ठी परत डब्यात टाकून आपापल्या घरी जायचं, एवढाच तो प्रकार. कॉलेजात असताना शिकलेलं हे खूळ मी २००६ साली केसरीनाथकाकांच्या रिकाम्या गोदामात आणलं तेव्हा आम्ही नऊ जण होतो. हमाली करणारा माणूस तीन तास कलेक्टर होतो आणि गोदामाचा मालक त्याच्यापुढे अर्ज घेऊन उभा राहतो, यातली गंमत लोकांना इतकी आवडली की वडप्याहून टेम्पो भरून माणसं यायला लागली. निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांच्यासाठी शुक्रवारी वेगळा खेळ ठेवावा लागला. "भावनाताई, पुढचा कवा?" हे ऐकून माझे कान किटले होते, कारण भूमिका लिहिणारी मी एकटी, बाकी सगळे हौशी, लिहायचं म्हटलं की ज्यांचं पेन हरवतं असे.

घरी मी आणि आक्का, म्हणजे माझी आई, दोघीच. धाकटा भाऊ प्रितेश तीन वर्षांपूर्वी रेतीच्या बोटीवरून खाडीत पडला आणि सापडलाच नाही. तेव्हापासून आक्का ताटावर नुसती बसून उठायची, कामापुरतं बोलायची, आणि माझ्याकडे बघताना तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे जायची. मला त्याचं वाईट वाटे आणि रागही येई. तो राग मी कोणाला बोलून दाखवला नव्हता. घरात एकटी राहू नये म्हणून मी तिला खेळाला घेऊन जायचे, आणि ती गोदामाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ बसून राहायची.

चूक माझीच. एका रविवारी ऐन वेळी लक्षात आलं की एक भूमिका कमी पडते आहे. सगळे ताटकळले होते. मी वहीचं पान फाडलं आणि घाईघाईत लिहिलं, 'प्रितेश. घरी परत आलेला मुलगा.' लिहिताना विचारच केला नाही म्हणणं खोटं ठरेल, पण फारसा केला नाही. चिठ्ठी कुमारला लागली. हा शहापूरकडचा तिशीतला हमाल, आदल्याच आठवड्यात कामाला लागलेला. आमच्या घरचं त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. तो खेळातल्या बाजारातून सरळ चालत आक्काजवळ गेला, मांडी घालून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाराची कडी बदललीस काय? मला उघडता आली न्हाय."

कडी आम्ही गेल्या दिवाळीत बदलली होती.

खेळ संपल्यावर कुमारला विचारलं, तर काय बोललो ते आठवत नाही म्हणाला आणि डोकं जड झालंय म्हणून चहा मागितला. त्या दिवशी आक्का दोन भाकऱ्या जेवली.

ती चिठ्ठी मी फाडून टाकायला हवी होती. टाकली नाही, त्या दोन भाकऱ्यांसाठी. पुढच्या रविवारी ती लडकू मुकादमाला लागली. साठीचा गृहस्थ, तोंडात सदा तंबाखू, पाटील सोडून दुसरी कुठली भूमिका कधी न जमलेला. तो आक्काजवळ बसला आणि म्हणाला, "आठ दिवस लावलेत. तिथं बसाया जागा न्हाय. सगलं ओलं हाय." शुक्रवारी ती एका लूमवाल्याला गेली, ज्याला मराठीचा गंधही नव्हता. त्याने मला खुणेनं जवळ बोलावलं. "बाय," तो म्हणाला, आणि मला बाय म्हणणारा प्रितेशखेरीज कोणी नव्हता. "बाय, बीच में इतने दिन मत रखना."

मग मी खेळ वाढवले. बुधवारी एक, रविवारी दोन. ताईंनी मनावर घेतलं म्हणून लोक खूश झाले, आणखी माणसं घेऊन आले. मी गोदामाच्या ऑफिसात मालाच्या जुन्या चलनांच्या पाठीवर भूमिका लिहीत बसायचे: तलाठी, चोर, नवरदेव, वैद्य, जगातली माणसं संपत आली होती. आक्का मात्र खेळाच्या दिवशी केस विंचरून माझ्याआधी तयार असायची. ज्याच्या हाती ती चिठ्ठी असेल त्याच्या तोंडाकडे ती तीन तास बघत राही. मला हेवा वाटायचा. परक्या हमालाचा हेवा वाटावा यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, पण वाटायचा.

शेवटी माझ्याच्याने होईना. झोप उडाली. मी आक्काला सांगितलं की या रविवारचा खेळ शेवटचा. ती रडेल, भांडेल असं मला वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती; हात न थांबवता म्हणाली, "बरं. शेवटचाच हाय तं ती चिठ्ठी तू घे."

मी कबूल झाले. इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. आणि खरं सांगायचं तर, तीन तास तिनं माझ्या तोंडाकडे बघावं, असं मलाही वाटत होतं.

रविवारी मी ती चिठ्ठी काढून घेतली, सगळ्यांना 'सुरू' म्हटलं आणि पाण्याच्या पिंपाकडे चालायला लागले. चार पावलं आठवतात.

त्यानंतर एकदम घर होतं. संध्याकाळचं ऊन ओटीवर आलं होतं, पुढ्यात ताट होतं, आणि आक्का माझ्याकडे बघत होती, मला हवं होतं अगदी तसं. खेळ संपला, चिठ्ठी डब्यात टाकायची राहिली, हे तिला सांगायला गेले तर तोंड उघडेना. हात मात्र भात कालवत होता, मी कधी घेत नाही एवढे मोठे घास घेत होता. बसल्या जागी पाट लागत नव्हता. गार आणि ओलं काहीतरी लागत होतं.

"भावना कवा येल?" आक्कानं विचारलं.

"पुढचा खेल होईल तवा," उत्तर माझ्याच आवाजात आलं. "कोनी तिची चिठ्ठी लिवली तं."

आक्का वाढता वाढता थांबली. तिनं पदरानं डोळे पुसले; ते मी पाहिलं.

"मंग आता खेल नको," ती म्हणाली, आणि ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.